आकाशाकडे पाहणाऱ्यांच्या वह्या

मराठीत ‘छंद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. एक पद्यरचनेचा आणि दुसरा मनाच्या ओढीचा. ‘टेहळणी’ या शब्दात मात्र शत्रू आधीच गृहीत धरलेला असतो. छंद जोपासणाऱ्याला ‘हे कशासाठी?’ असे कोणी फारसे विचारत नाही, टेहळणी करणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारला जातो. आता अशी एक कृती घेऊ, की जी या दोन्ही शब्दांत सारख्याच सहजतेने बसते. एक मनुष्य लष्करी विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा आहे. तो मान वर करून विमान पाहतो, त्याच्या शेपटीवरील क्रमांक वहीत लिहितो आणि जवळच्या लहानशा रेडिओवर वैमानिकाचे बोलणे ऐकतो. तो छंदिष्ट की टेहळ्या? आणि हे ठरवावयाचे कोणी?

हा प्रश्न काल्पनिक नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण ग्रीसमधील कालामाता येथील हवाई दलाच्या तळावर लोकांसाठी एक कार्यक्रम होता. तेथे आलेल्या बारा ब्रिटिश आणि दोन डच नागरिकांना पोलिसांनी पकडले. न्यूयॉर्कवरील हल्ल्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. पकडलेल्यांपाशी विमानांच्या क्रमांकांच्या वह्या होत्या. हा आमचा छंद आहे, असे त्यांचे म्हणणे. काही आठवडे तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची आणि सहा जणांना साहाय्य केल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात सर्वजण निर्दोष सुटले. दरम्यान वह्यांतील एक अक्षरही बदलले नव्हते. त्याच नोंदी एकदा अपराधाचा पुरावा ठरल्या आणि एकदा निरुपद्रवी हौसेचा.

आम्हांला या प्रकरणात रस आहे तो न्यायनिवाड्यापेक्षा वाचनाचा प्रश्न म्हणून. लिहिणाऱ्याचा हेतू आणि लिहिलेल्याचा अर्थ यांतील नाते हा आपल्या अभ्यासविषयाचा जुना वाद आहे. विमाने टिपणाऱ्यांच्या वह्यांनी हा वाद तुरुंगाच्या दारापर्यंत नेला. त्या वह्यांचा इतिहास पाहू लागले, की पहिलीच गोष्ट लक्षात येते ती अशी : जी सवय पुढे संशयास्पद ठरली, ती लोकांना प्रथम राज्यसंस्थेनेच लावली होती.

पहिल्या महायुद्धात जर्मन विमानांनी आणि झेपेलिन वायुनौकांनी लंडनवर बाँब टाकले, तेव्हा त्या शहराच्या हवाई संरक्षणाची व्यवस्था मेजर जनरल एडवर्ड ॲशमोर यांच्याकडे आली होती. त्या अनुभवाच्या आधारे १९२४ साली केंट परगण्यात प्रयोग झाले आणि १९२५ मध्ये ‘ऑब्झर्व्हर कोअर’ ही संघटना स्थापन झाली. तीत सैनिक नव्हते. गावोगावचे साधे नागरिक होते, आणि आरंभीच्या काळात त्यांची नोंद विशेष पोलीस शिपाई म्हणून होत असे. उघड्या माळावर एक चौकी, चौकीत नकाशा लावलेले एक मेज, त्यावर दिशा आणि उंचीचा अंदाज घेणारे साधे यंत्र आणि शेजारी टेलिफोन, एवढाच सरंजाम. विमान दिसले की त्याची दिशा, उंची, संख्या आणि जात केंद्राला कळवावयाची. ढग असले किंवा रात्र असली, तर कानावर विसंबावयाचे.

या व्यवस्थेचे महत्त्व १९४० च्या उन्हाळ्यात सिद्ध झाले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील रडारच्या मनोऱ्यांची रांग समुद्राकडे तोंड करून उभी होती. शत्रूचे विमान किनारा ओलांडून आत शिरले, की रडार त्याच्याबाबत आंधळे होत असे. तेथून पुढे देशाच्या अंतर्भागात त्याचा माग ठेवण्याचे साधन म्हणजे हजाराच्या आसपास चौक्या आणि त्यांतील सुमारे तीस हजार माणसांचे डोळे. लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी हे ऋण आपल्या अहवालात स्पष्टपणे मान्य केले आहे. एप्रिल १९४१ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी या संघटनेला ‘रॉयल’ हे बिरुद दिले.

पाहण्याची ही विद्या कशी होती याचा एक मासला पुढच्याच महिन्यात मिळाला. १० मे १९४१ च्या रात्री नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरून एक एकटे विमान आत शिरले. चॅटन येथील चौकीवरील निरीक्षकांनी ते मेसरश्मिट ११० जातीचे असल्याचे कळवले. वरिष्ठांना ते पटेना. या जातीच्या विमानात जर्मनीला परत जाण्याइतके इंधन मावणे शक्य नाही, तेव्हा ते येथवर येईलच कशाला, असा त्यांचा तर्क होता. तर्क बिनचूक होता. परंतु विमानात रुडॉल्फ हेस होता आणि त्याला परत जावयाचेच नव्हते. हिटलरचा हा सहकारी त्या रात्री स्कॉटलंडमध्ये हवाई छत्रीने उतरला. वरिष्ठांनी हेतूवरून विमान ओळखण्याचा प्रयत्न केला, चौकीवरच्या माणसांनी आकारावरून आणि आवाजावरून ओळखले. हेतू आधी ठरवून मग पाहणारा चुकतो, हा या प्रसंगाचा धडा साहित्याच्या अभ्यासकालाही परका वाटू नये.

ही नजर तयार कशी झाली? आरंभी विमान ओळखण्याचे पद्धतशीर शिक्षण नव्हतेच. युद्धाच्या सुरुवातीला गिल्डफर्ड येथील काही निरीक्षकांनी आपल्याच हौसेने एक अभ्यासमंडळ काढले आणि विमानांच्या छायाकृतींवरून एकमेकांच्या परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. याच लाटेतून जानेवारी १९४१ मध्ये ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघाले. पंखांचा बाक, इंजिनांची संख्या, शेपटीचा आकार हे सारे शाळकरी मुले पाढ्यांप्रमाणे पाठ करू लागली. त्यापूर्वीच, सप्टेंबर १९४० पासून, कारखान्यांच्या छपरांवर असे टिपणारे बसू लागले होते. भोंगा झाला की सर्व कामगार तळघरात जात आणि उत्पादन ठप्प होई. छपरावरचा माणूस ‘आता खरोखरच धोका आहे’ असे सांगेपर्यंत यंत्रे चालू ठेवावयाची, अशी चर्चिल यांच्या सरकारने योजना केली. खालच्या शेकडो माणसांचे प्राण वरच्या एकाच्या नजरेवर टांगलेले असत. शिक्षणसंस्थांना जे साधत नाही ते भीतीने आणि हौसेने मिळून साधले. एक सबंध पिढी आकाश वाचावयास शिकली.

डोळ्यांची ही कथा उघडपणे घडली. कानांची कथा मात्र तळघरात आणि माळ्यावर घडली. युद्ध सुरू होताच ब्रिटनमधील हौशी रेडिओचालकांची प्रक्षेपणयंत्रे सरकारने ताब्यात घेतली. ग्राही यंत्रे मात्र त्यांच्याकडेच राहिली. बोलण्यास मनाई झालेल्या या माणसांना ऐकण्याचे काम देण्याची कल्पना ‘रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस’ या नव्या खात्याने उचलली. लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हौशी चालकांच्या संघटनेमार्फत अशा माणसांची निवड केली. पुढे त्यांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. आपली नोकरी सांभाळून रात्री घरी बसावयाचे, नेमून दिलेल्या लघुलहरींच्या पट्ट्यात क्षीण मोर्स संदेश शोधावयाचे, आणि तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी व कानी पडलेली अक्षरे एका तक्त्यात लिहून काढावयाची. भरलेले तक्ते ‘पोस्ट बॉक्स २५, बार्नेट’ या पत्त्यावर पाठवावयाचे. अक्षरांचा अर्थ लिहिणाऱ्याला कळत नसे, कळावा अशी अपेक्षाही नव्हती. काना-मात्रेचीही चूक न करता अगम्य मजकूर उतरवून घेणाऱ्या लेखनिकाची आठवण आम्हांला येथे होते.

मूळ उद्देश होता ब्रिटनमध्ये लपून संदेश पाठवणाऱ्या जर्मन हेरांना हुडकण्याचा. असे हेर जवळजवळ सापडलेच नाहीत. सापडले ते निराळेच. जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याची, म्हणजे आब्वेअरची, युरोपभर चाललेली बातचीत या तक्त्यांत उतरली होती. ई. डब्ल्यू. बी. गिल आणि त्यांचा तरुण सहकारी ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९४० च्या आरंभी त्यांतील एक सांकेतिक लिपी उलगडली. हाच ट्रेव्हर-रोपर पुढे इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्यानंतर हे काम ब्लेचली पार्ककडे गेले. ब्रिटिशांनी फितवलेल्या हेरांच्या खोट्या बातम्यांवर जर्मनांचा विश्वास बसतो आहे की नाही, हे शत्रूच्याच संदेशांतून तपासता येऊ लागले. १९४४ च्या नॉर्मंडीवरील चढाईपूर्वी जी मोठी फसवणूक रचली गेली, तिला या तपासणीचा आधार होता.

तक्ते भरणाऱ्यांना यांतले काहीही सांगण्यात आले नाही. धडधाकट माणूस गणवेशाविना घरी कसा, असा शेजाऱ्यांचा प्रश्न त्यांना सोसावा लागे. म्हणून त्यांच्यापैकी काहींना चक्क ऑब्झर्व्हर कोअरचा गणवेश देण्यात आला. ऐकणाऱ्याने पाहणाऱ्याचे सोंग घ्यावे, असा हा योग होता. १९७९ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने ही हकीकत जाहीर केली, तोवर ती सर्वसामान्यांना अज्ञातच होती.

युद्ध संपले, पण लागलेली सवय संपली नाही. ‘द एरोप्लेन स्पॉटर’ १९४८ मध्ये बंद पडले आणि त्याच वर्षी ‘एअर-ब्रिटन’ ही विमानांचा इतिहास नोंदवणाऱ्या हौशी लोकांची संस्था सुरू झाली. छपरावर बसलेली मुले मोठी झाली. पूर्व इंग्लंडमधील मिल्डनहॉल आणि लेकनहीथ येथे अमेरिकन विमानांचे तळ होते, त्यांच्या कुंपणाबाहेर ती आता रविवारी थर्मास आणि दुर्बीण घेऊन उभी राहू लागली. पुढे त्यांच्या खिशात लहान रेडिओ स्कॅनर आला. नागरी विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, लष्करी विमानांचे बहुतांशी २२५ ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये. दूरवर जाणारी अमेरिकन लष्करी विमाने लघुलहरींवर बोलतात, आणि ११,१७५ किलोहर्ट्झ ही त्यांची फ्रिक्वेन्सी जगभरच्या ऐकणाऱ्यांना पाठ आहे. कानाला वैमानिकाने घेतलेले सांकेतिक नाव मिळते, डोळ्याला शेपटीवरील क्रमांक मिळतो. दोन्ही जुळले की नोंद पूर्ण होते.

फरक पडला होता तो वाचकात. युद्धात वहीचा वाचक सरकार होते. शांतताकाळात वहीला वाचकच उरला नाही, आणि ज्या वहीचा वाचक ठाऊक नाही ती वही राज्यसंस्थेला अस्वस्थ करते. ब्रिटनच्या १९४९ च्या बिनतारी संदेशविषयक कायद्याने आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणे हा गुन्हा ठरवला होता, तरीही स्कॅनर दुकानांतून उघड विकले जात. बाळगण्यास मुभा आणि ऐकण्यास मनाई! कायदा प्रत्यक्षात क्वचितच बजावला जाई, पण तो कपाटात होता. कालामाताच्या तुरुंगात गेलेल्यांना आपल्या देशात जे चालून जाई ते परक्या देशात चालले नाही, त्याचे मूळ या संदिग्धतेत आहे असे आम्हांला वाटते.

आणि नेमक्या याच सुमारास वहीला एक अनपेक्षित वाचक मिळाला. ऑक्टोबर २००१ मध्ये कराचीच्या विमानतळावर बुरखाधारी माणसांनी एका तरुणाला खासगी विमानात चढवून नेले. पाकिस्तानातील एका वृत्तपत्राने ती बातमी विमानाच्या क्रमांकासह छापली. क्रमांक होता एन३७९पी. त्याच वर्षी १८ डिसेंबरला स्टॉकहोमच्या ब्रोमा विमानतळावरून दोन इजिप्शियन नागरिकांना कैरोला नेणारे विमानही तेच. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए संशयितांना न्यायालयाच्या नजरेआड देशोदेशी हलवीत होती. त्यासाठी तिने लष्करी विमानांऐवजी नामधारी कंपन्यांच्या नावावरील नागरी विमाने वापरली होती. १९४४ च्या शिकागो करारानुसार सरकारी विमानाला परक्या आकाशात शिरण्यास परवानगी लागते, खासगी नागरी विमानाला वेळापत्रकाबाहेरील उड्डाणासाठी एरवी ती लागत नाही. या सोयीची किंमत एकच होती : नागरी विमान नागरी नोंदी मागे ठेवते आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या हौशी माणसाला दिसते.

शॅनन, ग्लासगो, पाल्मा अशा ठिकाणच्या छंदिष्टांनी ही विमाने इतर शेकडो विमानांप्रमाणेच टिपली होती, त्यांची छायाचित्रे घेतली होती. त्यांना कैदी ठाऊक नव्हते, गुन्हा ठाऊक नव्हता. पुढे बातमीदारांनी आणि चौकशी करणाऱ्यांनी या नोंदी उड्डाणांच्या अधिकृत तपशिलांशी ताडून पाहिल्या. दरम्यान विमानांचे क्रमांक बदलले होते, एन३७९पी हे एन८०६८व्ही झाले होते. परंतु छंदिष्टांच्या याद्यांत कारखान्याने दिलेला मूळ क्रमांकही असतो आणि तो बदलत नाही. पोथीवरचे नाव खोडले तरी अक्षराच्या वळणावरून ती ओळखणाऱ्या संशोधकाचेच हे काम आहे.

खालिद अल-मस्री या लेबनीज वंशाच्या जर्मन नागरिकाचे उदाहरण घ्यावे. ३१ डिसेंबर २००३ रोजी मॅसिडोनियाच्या सीमेवर त्याला नावाच्या घोटाळ्यातून पकडण्यात आले आणि स्कोप्ये येथील हॉटेलात तेवीस दिवस डांबून ठेवण्यात आले. २३ जानेवारी २००४ रोजी त्याला बोइंग ७३७ विमानातून काबूलला नेण्यात आले. मे महिन्यात आल्बेनियातील एका रस्त्यावर त्याला सोडून दिले, तेव्हा त्याच्या सांगण्यावर विश्वास कोण ठेवणार होते? पण एन३१३पी क्रमांकाचे ते बोइंग स्कोप्येला जाण्यापूर्वी माजोर्का बेटावरील पाल्मा येथे उतरले होते आणि तेथील हौशी छायाचित्रकारांनी ते टिपले होते. उड्डाणांच्या नोंदी त्याच्या कथनाशी जुळल्या. २००६ मध्ये डिक मार्टी यांनी युरोप परिषदेला दिलेल्या अहवालात या विमानांचे जाळे मांडले गेले. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अल-मस्रीच्या बाजूने एकमताने निकाल देऊन मॅसिडोनियाला साठ हजार युरोंची भरपाई देण्यास सांगितले. एका माणसाचे ‘माझ्यावर हे गुदरले’ हे वाक्य खरे ठरण्यात कुणाच्या रिकामपणच्या उद्योगाचाही वाटा होता.

येथे एक मोह टाळला पाहिजे. छंदिष्टांना आपण सत्याचे पहारेकरी ठरवू लागलो, तर त्यांच्यावर पुन्हा एक हेतू लादू. सरकारने लादला हेरगिरीचा, आपण लादू न्यायाचा. त्यांच्या नोंदींचे मोल होते ते त्या कोणत्याही बाजूने लिहिलेल्या नव्हत्या यातच. राजवाड्यांनी गावोगावच्या दफ्तरांतून कागद गोळा केले, तेव्हा ते लिहिणाऱ्या कारकुनांना आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पना नव्हती, आणि म्हणूनच त्या कागदांवर अधिक भरवसा ठेवता आला.

तसेच राज्यसंस्थेची भीती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर आपल्याकडे सावधगिरी वाढली असताना, फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळील हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश छंदिष्टांना वैमानिकांचे संभाषण ऐकल्यावरून अटक झाली. दहशतवादाशी त्यांचा संबंध नव्हता. एप्रिलमध्ये दंड भरून ते मायदेशी परतले. त्यांचा अपराध निष्पाप होता, पण हॉटेलच्या नोकराने तो निष्पाप आहे हे ओळखावे कसे? त्याला कालामाताच्या न्यायाधीशांइतकाच कमी पुरावा होता, आणि वेळ तर त्याहूनही कमी.

आज वही जवळजवळ कालबाह्य झाली आहे. बहुतेक नागरी विमाने आपला ठावठिकाणा स्वतःच रेडिओवरून प्रसारित करतात आणि जगभरचे हौशी लोक स्वस्त ग्राही यंत्रांनी तो टिपून नकाशावर मांडतात. लष्करी विमाने मात्र हा संकेत बंद करू शकतात, आणि तेथे पुन्हा माणसाचा डोळा लागतो. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये हे एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी दिसले. मार्च महिन्यात सैन्याच्या हालचालींची माहिती विनापरवाना प्रसिद्ध करणे तेथे फौजदारी गुन्हा ठरले. ऑक्टोबरमध्ये नागरिकांसाठी एक मोबाइल ॲप आले. आकाशात क्षेपणास्त्र किंवा ड्रोन दिसल्यास फोन त्या दिशेला धरून बटण दाबावयाचे, माहिती हवाई संरक्षणाकडे जाते. ॲशमोरची चौकी शंभर वर्षांनी खिशात आली. पाहणारा तोच, आकाश तेच. सरकारकडे पाठवले तर कर्तव्य, शेजाऱ्याला दाखवले तर कदाचित अपराध.

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाला, कुंपणाबाहेरचा मनुष्य छंदिष्ट की टेहळ्या या प्रश्नाला, इतिहासाने दिलेले उत्तर समाधानकारक नाही. तो कोण, हे त्याच्या कृतीवरून ठरत नाही आणि त्याच्या मनावरूनही क्वचितच ठरते. वही कोणाच्या हाती पडली यावरून ते ठरत आले आहे. त्याच्या हाती उरते ते एवढेच, की क्रमांक अचूक लिहावा, वेळ अचूक लिहावी. बार्नेटच्या पत्त्यावर अगम्य अक्षरे पाठवणाऱ्यांनी तेच केले, पाल्मा येथे एक साधे पांढरे बोइंग टिपणाऱ्यांनीही तेच केले. विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या तपासताना ‘याचा उपयोग काय?’ असा शेरा मारण्यापूर्वी आम्ही शिक्षकांनी क्षणभर थांबावे, एवढे तरी या वह्यांनी आम्हांला शिकवले आहे.